लिव्हरला सुट्टी नसते

श्रावण लागला की माझ्या आयुष्यात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. पुण्यात ऑफिसच्या ग्रुपवर कोणीतरी 'सात दिवसांचं डिटॉक्स चॅलेंज' टाकतं. पहिल्या दिवशी फक्त फळं, दुसऱ्या दिवशी फक्त हिरवा रस, तिसऱ्या दिवशी कोमट पाण्यात लिंबू-मध-हळद-मिरी, आणि सातव्या दिवशी तुमच्या शरीरातली सगळी 'विषद्रव्यं' बाहेर! इकडे वेरूळला, म्हणजे माझ्या आजोळी, घृष्णेश्वराला सोमवारची गर्दी सुरू होते आणि घरोघरी साबुदाणा भिजतो. मामीला विचारलं की उपास कशासाठी, तर पूर्वी ती म्हणायची, "देवासाठी." हल्ली म्हणते, "देवासाठी, आन् बॉडी डिटॉक्स बी होते ना."

हा जो 'बी' आहे ना, त्यावर आजचा लेख आहे :)

देवासाठी उपास करणाऱ्याशी माझं काही भांडण नाही. श्रद्धा हा ज्याचा त्याचा मामला. पण 'शरीर साफ होतं' हा श्रद्धेचा नाही, शरीराचा दावा आहे. तो तपासता येतो. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या लोकांना पुढचं वाचलं नाही तरी चालेल: शरीर स्वतःला रोज, दर मिनिटाला साफ करतंच. आहाराने आपण त्याला मदत करू शकतो, पण ती मदत म्हणजे एखादा रस आत ओतणं नव्हे. आत जाणारा कचरा कमी करायचा आणि साफसफाई करणाऱ्याला पोटभर जेवू घालायचं. बस्स. उरलेलं बरंचसं मार्केटिंग आहे, आणि त्यातलं काही सरळसरळ धोकादायक आहे.

हे काम नेमकं करतं कोण?

मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. त्यामुळे मला कोणतीही सिस्टीम समजून घ्यायची तर पहिला प्रश्न पडतो, इथे काय आत येतं, काय बाहेर जातं आणि मधे काय घडतं?

यकृत, म्हणजे आपलं लिव्हर, साधारण दीड किलोचं. त्यातून दर मिनिटाला जवळजवळ दीड लिटर रक्त फिरतं. आतड्यातून शोषलेलं बहुतेक सगळं आधी इथेच येतं, मग बाकी शरीरात जातं. म्हणजे गेटवरचा चेकपोस्टच म्हणा. नको असलेल्या पदार्थांवर इथे ढोबळमानाने दोन टप्प्यांत काम होतं. पहिल्या टप्प्यात सायटोक्रोम पी-४५० नावाच्या एन्झाइम्सचं कुटुंब त्या रेणूत थोडा बदल करतं, त्याला एक हँडल बसवतं असं समजा. दुसऱ्या टप्प्यात त्या हँडलला ग्लुकुरोनिक आम्ल, सल्फेट किंवा ग्लुटाथायोन असं काहीतरी जोडलं जातं. त्यामुळे तेलात विरघळणारा पदार्थ पाण्यात विरघळू लागतो, आणि मग लघवीतून किंवा पित्तातून त्याची रवानगी करता येते.

गंमत म्हणजे पहिल्या टप्प्यानंतर तयार होणारी वस्तू कधीकधी मूळ वस्तूपेक्षा जास्त घातक असते. पॅरासिटामॉलचंच बघा. त्याचा छोटासा भाग पहिल्या टप्प्यात एका विषारी रेणूत बदलतो, आणि ग्लुटाथायोन त्याला लगेच पकडून निकामी करतं. ग्लुटाथायोनचा साठा संपला की तोच रेणू लिव्हरच्या पेशी मारायला लागतो. पॅरासिटामॉलचा ओव्हरडोस झालेल्या माणसाला हॉस्पिटलमध्ये एन-असिटाइलसिस्टीन देतात ते ह्याचसाठी. त्यातून ग्लुटाथायोनचा कच्चा माल पुरवला जातो. ही खरीखुरी डिटॉक्स ट्रीटमेंट. विषाचं नाव माहीत, मात्रा माहीत, उतारा माहीत, आणि रक्ततपासणीत परिणाम दिसतो.

दुसरे कामगार म्हणजे किडन्या. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत घेतात. म्हणजे 'काय टाकायचं' ह्याच्यापेक्षा 'काय ठेवायचं' हे त्यांचं मोठं काम आहे. प्रोटीन पचताना तयार होणारा अमोनिया लिव्हर युरियात बदलतं, किडनी तो युरिया बाहेर टाकते. ही पाळी चोवीस तास चालू असते. दिवाळीत, लग्नात, तुम्ही झोपलेले असताना सुद्धा. आमच्याकडे प्रॉडक्शन सपोर्टवाल्यांना निदान कॉम्प-ऑफ तरी मिळतो, लिव्हरला तोही नाही.

तेव्हा कोणी डिटॉक्स विकायला आलं तर त्याला एकच प्रश्न विचारा: "कुठलं विष? नाव सांगा." शिसं? युरिया? अल्कोहोल? नाव सांगितलं की ते आधी आणि नंतर मोजता येतं. अजून एकाही पाकिटावर मला ते नाव सापडलेलं नाही. ज्या बगचं वर्णन नाही, तो फिक्स झाला असं सांगणाऱ्या माणसाला आम्ही ऑफिसात काय म्हणतो ते इथे लिहीत नाही.

आणि काही विषं अशी आहेत की ती काढायची शरीराची ताकदच तोकडी आहे. हळदीला पिवळीधम्मक चमक यावी म्हणून तिच्यात लेड क्रोमेट मिसळल्याची प्रकरणं भारतात आणि बांगलादेशात उघडकीला आलेली आहेत. त्यातलं शिसं हाडांत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं राहतं. ते कुठल्याही रसाने निघत नाही. गरज असेल तर डॉक्टरच्या देखरेखीखाली औषध देऊन काढावं लागतं. आपल्या हातात काय? चमकणारी सुटी हळद न घेता हळकुंडं घेऊन दळून आणणं. म्हणजे पुन्हा तेच, आत जाण्याआधी अडवणं.

उपाशी कामगार काय साफ करणार?

आता जरा उलटा भाग. बहुतेक डिटॉक्स प्लॅनमध्ये प्रोटीन जवळजवळ शून्य असतं. फळं, रस, पाणी. आणि वर सांगितलेलं ग्लुटाथायोन बनतं कशापासून? ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसिन ह्या तीन अमिनो आम्लांपासून. ती प्रोटीनमधून मिळतात. दूध, दही, अंडं, मासे, डाळी, तीळ... जेवण तोडलं की ग्लुटाथायोनचा साठा घटतो. म्हणून तर बरेच दिवस नीट न जेवलेल्या किंवा रोज पिणाऱ्या माणसाने पॅरासिटामॉल जपून घ्यावं असं डॉक्टर सांगतात. सफाई कामगारांचा पगार बंद करायचा आणि म्हणायचं आपण स्वच्छता मोहीम राबवतोय, असला प्रकार आहे हा.

हळद-मिरीच्या पेयाची गोष्ट तर अजून मजेशीर. हळदीतलं कर्क्युमिन एरवी रक्तात फार थोडं पोहोचतं, कारण आतडं आणि लिव्हर त्याला भराभर बदलून बाहेर काढतात. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी दाखवलं की मिरीतल्या पायपरीनसोबत दिलं तर माणसाच्या रक्तात कर्क्युमिनचं प्रमाण वीसपट होतं. हा आकडा सगळे मिरवतात. पण का वाढतं? कारण पायपरीन लिव्हरचं ते दुसऱ्या टप्प्याचं काम मंदावतं! म्हणजे 'डिटॉक्स ड्रिंक' म्हणून आपण जे पितो त्यातला एक घटक डिटॉक्सलाच ब्रेक लावतोय. भाजीतल्या चिमूटभर हळदीने आणि चार मिऱ्यांनी काही बिघडत नाही, पिढ्यान् पिढ्या खातोय आपण. प्रश्न आहे तो कॅप्सूलमधल्या केंद्रित अर्काचा. अमेरिकेतल्या औषधजन्य यकृतइजेच्या नेटवर्कने २०२२ मध्ये हळदीच्या सप्लिमेंट्समुळे लिव्हर बिघडलेल्या दहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यातल्या सात जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण सापडली. म्हणजे सगळ्यांना होत नाही, पण ज्याला होतं त्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

'नैसर्गिक आहे, काय होणार?'

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं की खांदेच उडतात. नैसर्गिक आहे म्हणून काय होतं त्याची दोन उदाहरणं देतो, दोन्ही आपल्याच देशातली.

पहिलं गुळवेलीचं. कोरोनाच्या साथीत घरोघरी गुळवेलीचा काढा उकळायला लागला, ते आठवत असेल. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० ह्या काळात मुंबईत डॉ. आभा नगराळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे लिव्हरला इजा झालेले सहा रुग्ण आले. सहाही जण गुळवेल घेत होते. ही नोंद २०२१ मध्ये यकृततज्ज्ञांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने ती दिशाभूल करणारी आहे असं म्हटलं, घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती का, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल तर नव्हती, असा आक्षेप घेतला. मग २०२२ मध्ये देशभरातल्या १३ केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण नोंदवले. वाद काही असो, मला त्यातून कळतं ते एवढंच: कुंपणावरची वेल तोडून रोज उकळणाऱ्या माणसाला ती नेमकी कुठली वेल आहे आणि तिचा डोस किती, हे सांगता येत नाही. गोळीच्या पाकिटावर निदान बॅच नंबर तरी असतो.

दुसरं दुधीचं. २०१० मध्ये दिल्लीत सीएसआयआरमधल्या एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस पिऊन मृत्यू झाला. तेव्हा आयसीएमआरने तज्ज्ञांची समिती नेमली. दुधी, काकडी, दोडका ह्या कुळात कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. एरवी नगण्य, पण एखाद्या फळात खूप वाढतात. समितीचा सल्ला अगदी आपल्या आजीसारखा होता: आधी एक फोड चाखून बघा, कडू लागली तर फेकून द्या. आजी हे काकडी चिरताना करतच होती. भाजी करताना चाखण्याची ही सवय आहे, रस करताना मात्र 'कडू म्हणजे गुणकारी' असं समजून डोळे मिटून गिळतो. घोळ तिथे आहे.

मामाची गोष्ट

आता घरातलं सांगतो, कारण हा विषय माझ्यासाठी नुसता वाचनाचा नाही.

माझ्या मामाला बारा वर्षांपासून शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे, आणि गेल्या काही वर्षांत क्रिएटिनिन जरा वर गेलंय. म्हणजे किडनी थकत चालली आहे. मागच्या उन्हाळ्यात त्याला कोणीतरी 'किडनी डिटॉक्स'ची कृती पाठवली. सकाळी शहाळ्याचं पाणी, मग पालक-कोथिंबिरीचा रस, दुपारी अजून एक शहाळं, आणि मिठाऐवजी 'लो सोडियम' मीठ. वाचायला किती छान वाटतं! दहा-बारा दिवसांनी त्याचे पाय गळाल्यासारखे झाले. संभाजीनगरला नेलं तर पोटॅशियम ६ च्या वर. साधारण साडेतीन ते पाच असायला हवं. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर हृदयाचे ठोके बिघडले असते.

कारण साधं आहे. एका शहाळ्यात पाचशे-सहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम सहज असतं. पालकात भरपूर. लो सोडियम मिठात तर सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. आणि बीपीच्या काही गोळ्या पोटॅशियम शरीरात धरून ठेवतात. निरोगी किडनी हे सगळं बाहेर टाकते. थकलेली किडनी टाकू शकत नाही. म्हणजे 'किडनी साफ करणारा' आहार नेमका त्यालाच मारक, ज्याची किडनी खरंच अडचणीत आहे. ज्याची चांगली आहे त्याला त्याची गरजच नाही!

तीन दिवसांनी घरी आल्यावर मामी मला म्हणाली, "तू इंजिनेर ना रे, मला सांग बरं, नारळाचं पाणी कधी वाईट असतंय का?" मी म्हटलं, "मामी, पाणी वाईट नाही, पण मामांच्या किडनीचा पाइप अर्धा बुजलाय. त्यात टँकर सोडला तर काय होईल?" तिला ते लगेच पटलं. वेरूळला उन्हाळ्यात टँकरचं गणित शिकवावं लागत नाही.

मामाला ती कृती पाठवणारा माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच मदत करायची होती. मला राग त्याचा नाही, ह्या कृतींच्या सरसकटपणाचा येतो. शुगरवाला, किडनीवाला, गरोदर बाई, सत्तरीचे आजोबा, सगळ्यांना एकच रस. डॉक्टर वय विचारतो, वजन विचारतो, चालू गोळ्या विचारतो. फॉरवर्ड काहीच विचारत नाही.

मग उपासाचं काय?

वेरूळबद्दल लिहायचं आणि उपासाबद्दल लिहायचं नाही हे शक्य नाही, कारण कैलास लेण्याची दंतकथाच उपासाची आहे. राजाचा आजार बरा व्हावा म्हणून राणी माणिकावतीने घृष्णेश्वराला नवस केला, की राजा बरा झाला तर मंदिर बांधीन आणि त्याचा कळस बघितल्याशिवाय अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. आता आली पंचाईत. मंदिर व्हायला किती वर्षं लागणार? तेव्हा पैठणच्या कोकसा नावाच्या शिल्पकाराने डोक्याकडून काम सुरू केलं, आणि आठवड्यात राणीला कळस दाखवून जेवायला लावलं. इतिहास म्हणून ह्याला आधार नाही (लेणं आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला ह्याच्या काळातलं मानतात). पण मला ती गोष्ट आवडते, कारण तिच्यात सगळ्यांची धडपड राणीचा उपास लवकर *सोडवायची* आहे. उपासाने ती शुद्ध होतेय असं कोणी म्हणत नाही.

निरोगी माणसाने आठवड्यातून एक दिवस कमी खाल्लं तर काही बिघडत नाही, उलट बैठं काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना बरंच. पण आपला उपास म्हणजे एकादशी आणि दुप्पट खाशी! साबुदाण्याची खिचडी, वर तूप, शेंगदाण्याचा कूट, बटाट्याचे वेफर्स, रताळ्याचा शिरा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. शुगर असलेल्या माणसाला हा दिवस भाकरी-वरणाच्या दिवसापेक्षा जड जातो.

हल्ली कोणीतरी म्हणतंच, "अरे, उपासाला नोबेल मिळालंय!" २०१६ चं नोबेल योशिनोरी ओसुमी ह्यांना मिळालं ते पेशी स्वतःचेच जुने भाग कसे मोडून वापरतात, त्या ऑटोफॅजीच्या यंत्रणेसाठी, आणि त्यांचं मूळ काम यीस्टवरचं होतं. मोठंच काम आहे. पण त्यातून 'सोमवारी खिचडी खाल्ली की विषद्रव्यं जातात' हे निघत नाही.

उलट उपासाच्या ताटातूनच विष आत जाण्याची शक्यता असते, आणि ह्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाणा गावात हरिनाम सप्ताहात एकादशीचा भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो लोकांना विषबाधा झाली. दवाखान्यात जागा पुरेना, म्हणून झाडांना दोऱ्या बांधून, त्यांना सलाइनच्या बाटल्या लटकवून, लोकांवर उघड्यावर उपचार केले. ते फोटो बघितले असतील तुम्ही. भगरीला ओल लागली की बुरशी धरते आणि ती विषारी द्रव्यं तयार करते. दर उपासाच्या मोसमात अन्न व औषध प्रशासन सांगतं की भगर पाकीटबंद घ्या, सुटं पीठ घेऊ नका, कोरड्या जागी ठेवा. तीच गोष्ट शेंगदाण्याची. काळपट, कडू, बुरशी धरलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन असतं, आणि ते थेट लिव्हरवर घाव घालतं. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या आदिवासी भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं गेली होती. कुटाला दाणे भाजायच्या आधी निवडणं, ही जी पाच मिनिटं आहेत ना, ती मला कुठल्याही ज्यूसपेक्षा मोठं डिटॉक्स वाटतात.

पण बरं तर वाटतं ना?

हा आक्षेप प्रामाणिक आहे, त्याला उत्तर द्यायला हवं. माझा एक मित्र आठ दिवस निसर्गोपचार केंद्रात राहून आला. चेहरा खुललेला, वजन तीन किलो कमी, झोप शांत. महाराष्ट्रात ह्याची परंपरा मोठी आहे. गांधीजींनी १९४६ मध्ये उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला, पुढे मणिभाई देसाईंनी तो वाढवला. अशा ठिकाणी बरं वाटतं हे मी नाकारत नाही. पण का वाटतं ते बघा. आठ दिवस दारू नाही, तंबाखू नाही, तळलेलं नाही, मीठ-साखर कमी, रात्री दहाला झोप, सकाळी चालणं, बॉसचा फोन नाही. शरीरात काही जादूचं गेलं म्हणून नव्हे, जे रोज जात होतं ते थांबलं म्हणून! मग हे घरी करता येणार नाही का? नाही जमत, हे खरं. शिस्तीसाठी पैसे मोजावे लागतात कधीकधी. पण मग त्याला शिस्तीची फी म्हणा.

पंचकर्माबद्दल कोणी विचारेल. जाणकार वैद्याकडून, तपासणी करून, देखरेखीत घेणं वेगळं, आणि दुकानातून 'यकृतशुद्धी'ची बाटली उचलणं वेगळं. २००४ मध्ये अमेरिकेत बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. बाटलीवर काय लिहिलंय ह्यावर भिस्त ठेवायला माझं मन तरी धजत नाही.

मग खायचं काय?

फार काही नवं नाही. बहुतेक गोष्टी मामीच्या स्वयंपाकघरात आहेतच:

- डाळ आणि कडधान्य रोज. तुरीचं वरण, मूग, मटकी, हुलगे. चालत असेल तर अंडं. लिव्हरच्या दुसऱ्या टप्प्याचा कच्चा माल इथून येतो.
- ज्वारी-बाजरीची भाकरी आणि पालेभाजी. लिव्हर काही नको ते पित्तावाटे आतड्यात टाकतं. त्यातलं बरंच आतडं पुन्हा शोषून घेऊ शकतं. तंतुमय पदार्थ पित्तातले घटक धरून बाहेर नेतात. रस गाळताना आपण नेमका हा चोथाच फेकतो! मेथी, शेपू, चुका, अंबाडी, करडईची भाजी, काहीही. भाज्या आणि फळं मिळून दिवसाला ४०० ग्रॅम असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.
- कोबी, मुळा, मोहरी. ह्या कुळातली द्रव्यं दुसऱ्या टप्प्याच्या एन्झाइम्सना चालना देतात. मुळ्याचा पाला टाकू नका.
- पाणी तहानेप्रमाणे. उन्हात काम असेल तर जास्त. पण दोन-तीन लिटर एका दमात 'फ्लश' करायला पिऊ नका. किडनी तासाला लिटरभरच पाणी बाहेर टाकू शकते.
- मीठ दिवसाला एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत. पापड-लोणचं-फरसाण त्यातच धरून.
- दारू आणि तंबाखू बंद. गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी सकाळी सहाला कारल्याचा रस पिऊन साडेसहाला पुडी फोडणारे महाभाग मी बघितलेत.
- दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका. गुडघा दुखला की मेडिकलमधून आणलेली गोळी वर्षभर खाणं किडनीला फार महागात पडतं.

आणि शुगर, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर ह्या यादीतलंही डॉक्टरला विचारून. मामाला आता पालेभाजीसुद्धा उकळून, पाणी ओतून देतात. डाळही मोजून. त्याच्यासाठी वरची यादी नाही, त्याच्या आहारतज्ज्ञाने लिहून दिलेला कागद आहे. तो फ्रिजवर चिकटवलाय.

तुम्ही म्हणाल, हे तर सगळ्यांना माहीत असतं. असतं की. पण भाकरी-वरणाला चकचकीत पाकीट नाही, सात दिवसांचं चॅलेंज नाही, 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो नाहीत. त्याचा परिणाम वीस वर्षांनी दिसतो, आणि तोही काही *न* होण्यात. डायलिसिसच्या खुर्चीवर न बसलेल्या माणसाचा फोटो कोण काढणार?

परवा कैलास लेण्यापाशी उभा होतो. बाहेरून आणून एक दगड तिथे रचलेला नाही. अंदाजे दीड-दोन लाख टन दगड काढून टाकला आणि जे उरलं ते देऊळ. शरीराच्या बाबतीत मला हाच हिशोब पटतो. काय घालू हा प्रश्न विचारायच्या आधी, काय कमी करू हा विचारावा.

येत्या सोमवारी उपास असेल तर जरूर करा. फक्त दाणे निवडून घ्या, भगर हुंगून बघा, चालू गोळ्या चुकवू नका. आणि घरात कोणी किडनीचं पेशंट असेल, तर त्यांच्या फोनमध्ये आलेल्या हिरव्या रसाच्या कृती आजच डिलीट करा. बाकी साफसफाईचं काम ज्याचं आहे तो करतोय.